शनिवार तेल्यांशी कोण कसे बोलले

दोन धर्मांच्या माणसांनी एकमेकांशी कसे बोलावे, या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आपल्याकडे आहेत. पहिले असे की, धर्म बाजूला ठेवावा आणि निव्वळ माणूस म्हणून बोलावे. दुसरे असे की, सर्व धर्म शेवटी एकच गोष्ट सांगतात, तेव्हा ती समान गोष्ट शोधून तिच्यावर बोलावे. व्याख्यानमालांमध्ये, सद्भावना मेळाव्यांमध्ये, दंगलीनंतरच्या बैठकांमध्ये ही उत्तरे इतक्या वेळा दिली जातात की ती कधी तपासून पाहावीत असे कुणाला वाटत नाही. दोन्हींमागचा हेतू चांगला आहे, याबद्दल मला शंका नाही. तरीही ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत असे माझे मत आहे, आणि ते पटवून देण्यासाठी महाराष्ट्राच्याच किनाऱ्यावरच्या एका लहान समाजाचा इतिहास मला पुरेसा वाटतो.

हा समाज म्हणजे बेने इस्राएल. अलिबाग, रेवदंडा, पेण, मुरूड, म्हसळा या पट्ट्यातील गावांमध्ये राहिलेले, मराठी बोलणारे, किहीमकर, पेणकर, नवगावकर, दिवेकर अशी गावावरून आलेली आडनावे लावणारे हे यहुदी लोक. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळच्या नवगावसमोर फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून पुढचा समाज वाढला. ही घटना केव्हा घडली याविषयी इतिहासकारांत एकमत नाही आणि माझ्या युक्तिवादाला त्या तारखेची गरजही नाही. मला महत्त्वाचे वाटते ते असे की, या समाजाशी गेल्या काही शतकांत निरनिराळ्या पाच पक्षांनी संबंध जोडले: गावातील हिंदू आणि मुसलमान शेजारी, कोचीनचे ज्यू, अमेरिकन व स्कॉटिश मिशनरी, मुंबईत आलेले बगदादी ज्यू आणि अखेरीस इस्राएलमधील मुख्य धर्मपीठ. प्रत्येक पक्षाच्या बोलण्यामागे धर्मश्रद्धा होती. परिणाम मात्र फार वेगवेगळे झाले, आणि ते आपल्या अपेक्षेच्या नेमके उलट झाले. ज्यांचा धर्म वेगळा होता त्यांच्याशी या समाजाचे बोलणे सुरळीत चालले. ज्यांचा धर्म तोच होता, त्यांनी त्याला सर्वांत अधिक दुखावले.

कोकणातील शेजाऱ्यांपासून सुरुवात करू. बेने इस्राएल लोक घाण्यावर तेल काढीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. गावाने त्यांना नाव दिले ते ‘शनिवार तेली’. सोमवारी काम बंद ठेवणारे तेली गावात होतेच, त्यांच्या शेजारी हे शनिवार पाळणारे. या नावात शेजाऱ्यांनी त्यांच्या धर्माचे सर्वांत ठळक आचरण नोंदवून ठेवले होते, त्याचा अर्थ विचारण्याच्या भानगडीत न पडता. हिब्रू प्रार्थना या समाजाच्या स्मरणातून जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या. ‘शेमा इस्राएल’ एवढे एक वचन उरले होते आणि तेच जन्म, विवाह, मृत्यू अशा सर्व प्रसंगी म्हटले जाई. सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, आणि खवले व पर नसलेले मासे वर्ज्य करणे, एवढे आचार टिकले होते. बाकीचा धर्म त्यांनी मराठी घरात बसवला. नववर्षाच्या सणाला ते ‘नव्याचा सण’ म्हणत, प्रायश्चित्ताच्या दिवसाला ‘दारफाळणीचा सण’, पुरीमला ‘होळीचा सण’. उपवासाला ‘रोजा’ म्हणत आणि संदेष्टा एलिया याच्या नावाने ‘एलियाहू हनाबीचा उरूस’ करीत. पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून एलियाच्या नावाने वाटण्याची त्यांची चाल आजही चालू आहे, आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाच्या रथाच्या खुणा म्हणून दाखवला जाणारा खडक आजही त्यांचे श्रद्धास्थान आहे. मांस आणि दूध एकत्र करू नये हा मोशेच्या धर्मशास्त्रातला नियम पाळणे त्यांना कोकणात जड गेले नाही, कारण नारळाचे दूध घरोघरी होतेच.

या सहजीवनाचे कौतुक करताना एक गोष्ट लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. शेजाऱ्यांनी या समाजाला सामावून घेतले ते जातिव्यवस्थेच्या एका खणात. तेली म्हणून त्यांची पायरी ठरलेली होती. रोटी-बेटी व्यवहार नव्हता, आणि ते कुणाला आपल्या धर्मात ओढीत नसल्याने शेजाऱ्यांना त्यांची भीती वाटण्याचेही कारण नव्हते. ज्या समाजाने बरोबरीचा हक्क मागितला असता, त्याला याच गावांनी इतक्या शांतपणे वागवले नसते, हे आपण दलितांच्या इतिहासावरून जाणतो. शिवाय खणात राहण्याची किंमत बेने इस्राएल समाजानेही मोजली: विधवेने पुनर्विवाह करू नये हा शेजारच्या उच्चवर्णीयांचा दंडक त्यांच्याकडे आला, जो त्यांच्या मूळ धर्मशास्त्रात मुळीच नव्हता. गोमांस टाळण्याची रीतही अशीच आली. तेव्हा कोकणातील जुने गाव म्हणजे आदर्श, असा माझा दावा नाही. दावा त्याहून मर्यादित आहे. या गावात कोणी कोणाला असे विचारले नाही की, ‘तुम्ही खरे यहुदी आहात हे सिद्ध करा’. त्यांच्या धर्माविषयी निवाडा करण्याचा अधिकार शेजाऱ्यांनी आपल्याकडे घेतला नाही. फरक दिसत होता, त्याला नाव होते, आणि तो फरक धरून देवघेव चालली होती.

आता कोचीनच्या ज्यूंकडे वळू, कारण त्यांच्या कथेत परीक्षा आहे आणि तरीही ती कथा गोड आहे. परंपरा सांगते की, दावीद राहाबी नावाचा एक कोचीनचा ज्यू कोकणात आला. त्याला या लोकांबद्दल संशयमिश्रित कुतूहल वाटले, म्हणून त्याने त्यांच्या स्त्रियांना निरनिराळे मासे आणून दिले आणि ते रांधायला सांगितले. स्त्रियांनी खवले आणि पर असलेले मासे वेगळे काढले व बाकीचे बाजूला सारले. राहाबीची खात्री पटली. मग त्याने समाजातील काही तरुणांना हिब्रू आणि धर्मविधी शिकवले, आणि त्यांच्यातील तिघांना त्याने काजी, म्हणजे धर्मकार्य चालवणारे, नेमले, असे मानतात. राहाबी कोणत्या शतकात आला यावर वाद आहे. काहींच्या मते तो बाराव्या शतकाच्याही आधीचा, तर काहींच्या मते अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्यातला. कथेचे मर्म मात्र तिच्या क्रमात आहे. राहाबीने तपासले ते या लोकांचे जिवंत आचरण. त्याने वंशावळ मागितली नाही, ग्रंथातले उतारे म्हणून दाखवा असेही म्हटले नाही. स्वयंपाकघरातल्या बायकांच्या हाताला जे ठाऊक होते ते त्याने पुरावा म्हणून मानले. आणि तपासणी संपल्यावर त्याने आपली जागा बदलली: परीक्षक होता तो शिक्षक झाला, तेथे राहिला, आपल्याजवळचे दिले. परंपरेने ही कथा शतकानुशतके प्रेमाने जपली, हेच तिच्या परिणामाचे प्रमाण आहे.

मिशनऱ्यांचा प्रसंग मला या सर्वांत सर्वाधिक बोधप्रद वाटतो, आणि त्यावर थोडे रेंगाळण्याची मुभा वाचकांनी द्यावी. १८१३ मध्ये अमेरिकन मिशन मुंबईत आले आणि १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आले. या दोन्ही मिशनांना बेने इस्राएल समाजात विशेष रस होता. त्याचे कारण उघडपणे धार्मिक होते: जुना करार, म्हणजे बायबलचा यहुदींनाही मान्य असलेला भाग, मानणाऱ्या लोकांना ख्रिस्ताकडे आणणे हे मूर्तिपूजकांना आणण्यापेक्षा सोपे जाईल, अशी त्यांची अपेक्षा होती. अर्थात मिशनरी काही तटस्थ अभ्यासक नव्हते. त्यांच्या मागे राज्यकर्त्यांच्या धर्माचे वजन होते, शाळा त्यांच्या होत्या, छापखाने त्यांचे होते. संवादासाठी बरोबरीची भूमी हवी अशी आपण आज जी अट घालतो, त्या अटीला हा प्रसंग उतरत नाही.

तरीही झाले काय ते पाहा. मिशनच्या शाळांमध्ये बेने इस्राएल मुले मोठ्या संख्येने आली. या समाजातील काही जण त्याच शाळांमध्ये शिक्षक झाले. जुन्या कराराची पुस्तके मराठीत छापली गेली, तेव्हा आपल्या पूर्वजांच्या कथा या समाजाने आपल्या भाषेत प्रथमच सलग वाचल्या. विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून लिहून छापले. ख्रिस्ती धर्माचा मार्ग मोकळा व्हावा म्हणून दिलेली ही साधने समाजाने उचलली आणि त्यांच्या बळावर तो अधिक पक्का यहुदी झाला. धर्मांतरे फारच थोडी झाली. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडण सणाच्या विधीची पोथी, म्हणजे हग्गादा, हिब्रू आणि मराठीत छापून निघाली. १८७४ मध्ये पुण्यात निघालेल्या हग्गादामध्ये बेखमीर भाकरी भाजणाऱ्या स्त्रियांची चित्रे आहेत, आणि त्या स्त्रिया मराठी पद्धतीच्या वेषात दिसतात. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल किहीमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत समाजाची स्वतःची शाळा काढली. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल कीर्तनकार उभे राहिले. पूर्वरंग-उत्तररंगाच्या हिंदू परंपरेतील कीर्तनाचा साचा घेऊन त्यांनी अब्राहाम आणि योसेफ यांची आख्याने मराठी पद्यात लावली. हिंदूंकडून कीर्तन, ख्रिस्त्यांकडून व्याकरण, आणि दोन्हींचा उपयोग यहुदी धर्मासाठी. भारतातील आंतरधर्मीय देवघेवीचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

हे कसे शक्य झाले? मिशनऱ्यांनी धर्म बाजूला ठेवला होता म्हणून नव्हे. त्यांनी तो कधीच बाजूला ठेवला नाही. सर्व धर्म एकच आहेत असे मानल्यामुळेही नव्हे. तसे ते मुळीच मानत नव्हते, आणि बेने इस्राएलही मानत नव्हते. शक्य झाले ते यामुळे की, समोरच्याला ‘हिब्रू घेतो, बाप्तिस्मा घेत नाही’ असे म्हणता येत होते आणि असे म्हटल्यावरही शाळेचे दार बंद होत नव्हते. विल्सन निराश झाले असतील, पण समाजाशी त्यांचा संबंध तुटला नाही. या समाजाच्या चालीरीतींविषयी ते लिहीत आणि बोलत राहिले. नकार देऊनही ज्याच्याशी बोलणे चालू राहते, त्याच्या श्रद्धेची आपल्याला भीती उरत नाही. श्रद्धा किती ठाम आहे यापेक्षा नकाराला जागा किती आहे, यावर बोलणे टिकते.

पुढचे दोन पक्ष स्वधर्मीयांचे. १८३० च्या दशकात बगदाद आणि आसपासच्या प्रदेशातून ज्यू व्यापारी मुंबईत आले. डेव्हिड ससून हे त्यांच्यातील सर्वांत प्रसिद्ध नाव. आरंभी ते बेने इस्राएलांच्याच प्रार्थनागृहात गेले, त्यांच्याच दफनभूमीत त्यांनी आपले मृत पुरले. त्या प्रार्थनागृहाचाही इतिहास आहे: १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेले मुंबईतील ते पहिले सिनेगॉग, आणि मशीद बंदर या स्थानकाचे नाव त्याच्यावरूनच आले असे मानतात. पण १८३६ मध्ये बगदादी ज्यूंनी सरकारकडे अर्ज केला की, दफनभूमीत त्यांच्यात आणि बेने इस्राएलांमध्ये भिंत असावी. पुढे पुढे सामुदायिक प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा पुरुषांत बेने इस्राएलांना न मोजणे, तोरा हा धर्मग्रंथ वाचायला त्यांना न बोलावणे, असे प्रकार वाढले. रंगूनमध्ये १९३० च्या दशकात सिनेगॉगच्या कारभारात मत देण्याचा हक्क मिळवण्यासाठी बेने इस्राएलांना कोर्टात जावे लागले. निकाल त्यांच्या बाजूने लागला. या वागण्याला धर्मशास्त्राचे कारण दिले जाई. पण युरोपियन समाजात बरोबरीची जागा मिळवू पाहणाऱ्या श्रीमंत व्यापाऱ्यांना काळ्या वर्णाचे, मराठी बोलणारे, साडी नेसणाऱ्या बायकांचे स्वधर्मीय अडचणीचे वाटत असावेत, हे कारणही त्यात होते असे मला वाटते.

येथेच एक कटू गोष्ट सांगायला हवी. ज्या समाजाला बाहेरच्यांनी ‘तुम्ही शुद्ध नाही’ असे ऐकवले, त्याने स्वतःच्या आतही तीच रेघ ओढली होती. समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्राएल असे दोन भाग होते. बिगर-यहुदी स्त्रीपासून झालेल्या संततीचे वंशज ते काळे, असे मानले जाई; त्यांच्याशी बेटी व्यवहार नव्हता आणि धर्मविधींतही त्यांना मागची जागा होती. हा भेद आता सरला आहे, पण तो होता. शेजारच्या जातिव्यवस्थेकडून समाजाने कीर्तन आणि पोहे घेतले तसे हेही घेतले. म्हणजे परीक्षकाची जागा ही काही विशिष्ट धर्माची किंवा विशिष्ट राष्ट्राची मिरास नाही. संधी मिळताच तिच्यावर कोणीही बसतो, काल तपासला गेलेलासुद्धा.

भारत स्वतंत्र झाला त्या सुमारास या समाजाची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. १९४८ मध्ये इस्राएलची स्थापना झाल्यावर त्यांतील बहुसंख्य लोक टप्प्याटप्प्याने तिकडे गेले. भारतात त्यांना कोणी छळले म्हणून ते गेले नाहीत. सण साजरा करताना आणि वर्षानुवर्षे प्रार्थना करताना ज्या भूमीचे नाव घेतले त्या भूमीच्या ओढीने गेले. बाकीच्या देशांतून आलेले बरेच ज्यू छळाच्या आठवणी घेऊन आले होते. हे लोक तशी एकही आठवण न घेता गेले. आणि तेथे त्यांच्यापुढे जे कागद ठेवले गेले, ते वाचून मन खिन्न होते.

इस्राएलमध्ये ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अखत्यारीत असतात. नागरी विवाहाची सोय नाही. काही रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, बेने इस्राएलांचे इतर ज्यूंशी विवाह लावायला नकार दिला. १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने त्यांच्याशी विवाह करण्यास मुळात हरकत नाही असे ठरवले, पण १९६२ च्या आरंभी विवाह नोंदवणाऱ्या निबंधकांना ज्या सूचना दिल्या त्यांनुसार बेने इस्राएल वधू किंवा वराची आई, आजी आणि शक्य तितक्या मागच्या पिढ्या यहुदी होत्या काय, पूर्वजांत कोणाचा घटस्फोट वा मिश्रविवाह झाला होता काय, याची चौकशी करायची होती. एका समाजाचे नाव घेऊन केलेली ही चौकशी होती.

धर्मपीठाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. यहुदी धर्मशास्त्रात घटस्फोट विशिष्ट लेखी विधीनेच होतो. तो विधी न करता स्त्रीने दुसरा विवाह केला, तर त्या संततीच्या विवाहावर पिढ्यान्‌पिढ्या कडक निर्बंध येतात. कोकणात शतकानुशतके रब्बी नव्हते, तेव्हा घटस्फोट झाले असतील तर ते त्या विधीने झाले नसतील, हा तर्क धर्मशास्त्राच्या आतून पाहता पोकळ नव्हता. रब्बींना वर्णद्वेष्टे म्हणून मोडीत काढणे सोपे आहे, पण त्याने काही उलगडत नाही. त्यांची चिंता खरी होती. चूक झाली ती चिंता मांडण्याच्या रीतीत. राहाबीला मासे रांधणाऱ्या बायकांचे हात दिसले होते. निबंधकाला रकाना दिसला. ज्यांच्या समाजात घटस्फोट जवळजवळ होतच नव्हते, आणि त्याचे कारण शेजारच्या हिंदू कुटुंबरीतीत होते, त्या लोकांना ते सांगण्याची जागा त्या रकान्यात नव्हती. ज्या सांस्कृतिक देवघेवीने त्यांची विवाहसंस्था इतकी घट्ट केली होती, तीच देवघेव तेथे संशयाचे कारण ठरली. आणि येथे नकाराची सोयही नव्हती: हिब्रू घेतो, बाप्तिस्मा घेत नाही, असे विल्सनना म्हणता येत होते, ‘तुमची चौकशी मान्य नाही’ असे धर्मपीठाला म्हणणाऱ्याला लग्नच करता येत नव्हते.

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले. प्रश्न संसदेपर्यंत गेला. ऑगस्ट महिन्यात पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने आणि संसदेने स्पष्ट केले की, भारतातून आलेला हा समाज सर्व अर्थांनी यहुदी आहे आणि त्याला इतर सर्वांइतकेच हक्क आहेत. त्यानंतर धर्मपीठाने सूचनांमधून या समाजाचे नाव काढले आणि ज्यांच्याविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी व्हावी, अशी सर्वसाधारण शब्दरचना केली. नियम पूर्ण गेला नाही. तो सर्वांसाठी एकच झाला. या बदलाला मी मोठा मानतो. कोणत्याही धर्माला आपल्या विधींच्या आत कोण आहे हे ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याचा त्याचा हक्क नाकारता येत नाही. मागता येते ते एवढेच की मोजपट्टी सर्वांना तीच असावी आणि मोजला जाणारा माणूस बोलू लागला तर ऐकले जावे. या समाजाला तेवढ्यासाठी रस्त्यावर उतरावे लागले. तरीही त्याने मराठी सोडली नाही: ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक इस्राएलमधून निघत आले आहे, आणि महाराष्ट्र दिन तेथे साजरा होतो.

हा इतिहास समोर ठेवल्यावर ती दोन तयार उत्तरे कशी दिसतात? धर्म बाजूला ठेवून बोला, असे म्हणणाऱ्याने बेने इस्राएलांशी बोलायचे तर कशाविषयी बोलायचे? शनिवार, मासे, मलिदा, कीर्तनातला अब्राहाम, हे सारे वगळले तर त्या माणसाजवळ सांगण्यासारखे जे मोलाचे आहे तेच वगळले जाते. धर्म हा अनेकांच्या बाबतीत वरचा अंगरखा नसून जेवण, नाती, शोक आणि आनंद यांची घडण असते. तो बाहेर ठेवून या, असे सांगणे म्हणजे तुम्ही अर्धेच या, असे सांगणे आहे. समान ते शोधा, या उत्तराची उणीव दुसरी आहे. बगदादी ज्यू आणि बेने इस्राएल यांच्यात समान काय होते? देव तोच, ग्रंथ तोच, शब्बाथ तोच. एवढे समान असूनही भिंत मागितली गेली. उलट कोकणातील शेतकऱ्यात आणि शनिवार तेल्यात धर्मदृष्ट्या समान असे फार थोडे होते. साम्य सापडले की माणसे जवळ येतात हा समज पुराव्यावर टिकत नाही. पुष्कळदा साम्य जितके अधिक, तितका ‘खरा कोण’ हा प्रश्न तीव्र होतो. शिया आणि सुन्नी, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचा इतिहास हेच सांगतो.

आजच्या महाराष्ट्रात या परीक्षकाच्या वृत्तीची रूपे बदलली आहेत. २०२० मध्ये धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा काही संघटनांनी त्यांच्या धर्मगुरुपदावरून विरोध केला. वसईच्या पर्यावरणासाठी त्यांनी केलेले आंदोलन, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन, बायबलचा मराठी अनुवाद आणि त्याला मिळालेला साहित्य अकादमीचा पुरस्कार, हे सारे समोर असताना त्यांना विचारले गेले ते मुख्यतः हे की, तुमचा अंतस्थ हेतू काय? मराठी ज्यांची मातृभाषा आहे अशा मुसलमानाला ‘तुमचे मराठी किती छान आहे’ असे कौतुकाने म्हणणारा सज्जन माणूसही, नकळत का होईना, त्याची परीक्षा घेऊन त्याला उत्तीर्ण करीत असतो. घर भाड्याने देताना आडनावावरून होणारी चौकशी ही तर उघड परीक्षा. आणि सणांपूर्वी पोलीस ठाण्यात भरणाऱ्या शांतता समितीच्या बैठका आवश्यक आहेत, त्यांनी अनेक गावे वाचवली आहेत, हे मान्य करूनही म्हणावे लागते की, तेथे धर्माची चर्चा होते ती मिरवणुकीचा मार्ग, वेळ आणि भोंग्याचा आवाज या स्वरूपात. तो रस्ता एखाद्याला का पवित्र आहे, किंवा ती वेळ का महत्त्वाची आहे, हे त्या बैठकीत कोणी सांगत नाही आणि कोणी विचारीत नाही.

कोणी म्हणेल, फरक मोकळेपणाने मांडू दिले तर तेढ वाढेल. ही भीती निराधार नाही. फरक सांगण्याच्या नावाखाली दुसऱ्याच्या श्रद्धेची निंदा करणारी भाषणे आपण रोज ऐकतो. पण ती भाषणे नीट ऐकली तर दिसते की, वक्ता स्वतःचे आचरण सांगत नसतो, तो दुसऱ्याच्या धर्माचा अर्थ लावून त्याचा निकाल देत असतो. प्रत्येकाने स्वतःविषयी बोलावे, हा साधा नियम पाळला तर अशा भाषणांना जागाच उरत नाही.

हे शाळेपासून सुरू करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी नवा विषय किंवा नवे पुस्तक लागत नाही. बहुतेक मराठी शाळांमध्ये सकाळी परिपाठ होतो. त्या पंधरा-वीस मिनिटांत आठवड्यातून एकदा एका मुलाने किंवा मुलीने आपल्या घरी काय पाळले जाते ते सांगावे: उपास कसा धरतात, काय खात नाहीत, घरात कोणी गेले तर काय करतात, सण कसा होतो. ज्याला सांगायचे नसेल त्याने न सांगण्याची मोकळीक असावी. ज्याच्या घरी काहीच पाळत नाहीत त्याने तेही सांगावे. बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. शिक्षकांसाठी मात्र एक पथ्य हवे: मुलाचे सांगून झाल्यावर ‘म्हणजे आपल्या अमुक सणासारखेच’ असे जोडू नये, आणि ‘पण तुमच्या धर्मात असे का’ असेही विचारू नये. हे पथ्य पाळणे वाटते त्यापेक्षा कठीण आहे, कारण तुलना करणे आणि निवाडा देणे हे आपण शिक्षकाचे कामच समजत आलो आहोत. म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्याचा सराव व्हायला हवा, आणि रायगड जिल्ह्यातील शाळांनी तर तो शनिवार तेल्यांपासूनच करावा, कारण त्यांची सिनेगॉगे अलिबाग, पेण आणि रेवदंड्याला आजही उभी आहेत आणि ती सांभाळणारी मोजकी कुटुंबे अजून तेथे आहेत.